भरल्या पोटाचा संप?

सरकारी कर्मचाऱ्यांनी संपाची नोटीस दिली की आपल्या समाजात एक ठराविक सूर लागतो. अग्रलेख लिहिणारे, सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते आणि चहाच्या टपरीवर बसणारी मंडळी यांचे एरवी कशावरही एकमत होत नाही; पण ‘यांना कसला आला आहे संप, यांची पोटे भरलेली आहेत’ या एका वाक्यावर मात्र सर्वांचे एकमत होते. विरोधकांनी असे म्हणावे यात नवल नाही. चिंतेची बाब अशी की, हाच सूर आता आपल्या पक्षाच्या बैठकांतूनही ऐकू येऊ लागला आहे, आणि तो लावणारे कोणी संधिसाधू नाहीत. असंघटित कष्टकऱ्यांत आयुष्य घालविलेले कार्यकर्तेच विचारतात की, सोलापूरच्या पूर्व भागातील विडी वळणाऱ्या बाईला महिना एक हजार रुपयांचे निवृत्तिवेतन मिळवून देताना आम्हांला घाम फुटतो. मग तिच्या डोळ्यांदेखत तिच्या कित्येक पट पगार घेणाऱ्यांच्या मोर्चात आम्ही झेंडा घेऊन का जावे?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याचे उत्तर घोषणेने देता येणार नाही. उत्तर देण्यापूर्वी माझा स्वतःचा हितसंबंध सांगून टाकणे योग्य होईल. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीला लागलेल्या प्राध्यापकांपैकी मी एक आहे आणि जुन्या नियमांनुसार मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर माझे घर चालते. त्यानंतर लागलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनी त्याच वर्गात तोच विषय शिकविला. त्यांच्या म्हातारपणाची हमी मात्र सरकारने काढून घेतली. तेव्हा वाचकांनी माझा युक्तिवाद हवा तर एका लाभधारकाचा म्हणून अधिक कसोशीने तपासावा.

जुने संप, जुनेच आक्षेप

‘भरल्या पोटाचा संप’ हा आक्षेप नवा नाही. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरविले. कामगाराच्या कुटुंबाला किती उष्मांकांचे अन्न लागते, दर माणशी वर्षाला किती कापड लागते याचा हिशेब त्यात होता. कापडाचा आकडा होता १८ वार. परिषदेत सरकारही सहभागी होते. परंतु स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना ते सूत्र लावण्याची वेळ आली तेव्हा सरकारने हात वर केले आणि जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. एस. एम. जोशी हे त्या संपाच्या नेत्यांपैकी एक होते. पंडित नेहरूंच्या सरकारने अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढला, धरपकड केली आणि पाच दिवसांत संप मोडला. देश संकटात असताना सुस्थितीतील लोक राष्ट्राला वेठीस धरीत आहेत, अशीच त्या वेळच्या टीकेची भाषा होती. तथापि मोडलेल्या त्या संपानंतर सहा वर्षांनी, १९६६ मध्ये, केंद्रीय कर्मचाऱ्यांशी वाटाघाटींसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. जो वर्ग बोलण्याच्याही लायकीचा नाही असे ठरविले होते, त्याच्यासमोर सरकारला टेबलाशी बसावे लागले.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही असाच आहे. १४ डिसेंबर १९७७ रोजी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले आणि ५४ दिवस संपावर राहिले. मागणी साधी होती : बाजारात केंद्राच्या कारकुनाला आणि राज्याच्या कारकुनाला ज्वारी एकाच भावाने मिळते, तर महागाई भत्ता वेगळा का? वसंतदादा पाटील यांचे सरकार बधले नाही. घरोघरी दागिने गहाण पडले आणि फेब्रुवारीत संप थांबला, तेव्हा कर्मचारी हरले असेच सर्वांना वाटले. परंतु त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारने केंद्राप्रमाणे महागाई भत्ता देण्याचे तत्त्व मान्य केले. आज हा भत्ता वेळेवर जाहीर झाला नाही तर सत्ताधारी आमदारच सरकारला स्मरण देतात. ५४ दिवसांच्या संपात जी मागणी अवाजवी होती, ती आता सरकारी दिनदर्शिकेचा भाग झाली आहे.

मे १९७४ मधील रेल्वे कामगारांच्या वीस दिवसांच्या संपाचे स्मरण तर सोलापूरसारख्या रेल्वेच्या गावात नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. सतरा लाखांचा तो संप चिरडला गेला आणि पुढच्याच वर्षी चिरडण्याचे तेच तंत्र साऱ्या देशावर वापरले गेले. संप मोडण्यासाठी सरकार जे अधिकार घेते, ते संपापुरते राहत नाहीत. हा धडा समाजवादी चळवळीने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे.

दोन निकाल

संपाचा हक्क नाकारणारे आता सर्वोच्च न्यायालयाच्या ६ ऑगस्ट २००३ च्या निकालाकडे बोट दाखवितात. जयललितांच्या सरकारने तामिळनाडूत दीड लाखाहून अधिक संपकरी कर्मचारी एका फटक्यात बडतर्फ केले. त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही, कायदेशीर अधिकार नाही आणि नैतिक अधिकारही नाही. मूलभूत अधिकाराचा मुद्दा जुना आहे. १९६२ च्या कामेश्वर प्रसाद खटल्यातही न्यायालयाने संपाला मूलभूत अधिकार मानले नव्हते, पण शांततामय निदर्शनांचा अधिकार मात्र मान्य केला होता. नैतिकतेचा निवाडा देण्याचा अधिकार न्यायालयाला कोणत्या कलमाने मिळाला, हे समजणे कठीण आहे. कायद्याने नाकारलेल्या हक्कांसाठी नैतिक बळावर उभे राहूनच हा देश स्वतंत्र झाला. १९३० च्या मार्शल लॉचे फटके खाल्लेल्या आणि चार हुतात्मे दिलेल्या सोलापूरला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तामिळनाडूच्या जनतेने या प्रकरणाचा समारोप आपल्या पद्धतीने केला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत तेथे जयललितांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही, आणि निकालानंतर त्यांनी कर्मचाऱ्यांवरील कारवाई मागे घेतली.

याच सर्वोच्च न्यायालयाचा दुसरा एक निकाल आहे. त्याची आठवण सरकारपक्षाला सहसा होत नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात सांगितले की, निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नाही. कर्मचाऱ्याने आपल्या उमेदीच्या काळात केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे आणि सामाजिक न्यायाचे ते साधन आहे. घटनेच्या उद्देशपत्रिकेतील ‘समाजवादी’ या शब्दाचा आधार त्या निकालाने घेतला होता. निवृत्तिवेतन हे लांबणीवर टाकलेले वेतन असेल, तर ते कमी करणे म्हणजे वेतनकपात करणे होय. आणि वेतनकपातीविरुद्ध काम बंद ठेवणे यात अनैतिक काय आहे?

यावर असे उत्तर दिले जाते की, २००५ नंतर लागलेल्यांनी नव्या योजनेची अट माहीत असूनच नोकरी स्वीकारली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद चांगलाच परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात गिरणीमालकही हेच म्हणत की, चौदा तास काम करण्याची अट मजुराने स्वखुशीने मान्य केली आहे. एका जागेसाठी हजारो अर्ज येतात, तेथे अर्जदाराची खुशी ही त्याच्या निरुपायाचेच दुसरे नाव असते.

दिवाळखोरीची भाषा

आता पैशाचा प्रश्न. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की, जुनी निवृत्तिवेतन योजना लागू केल्यास १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडून राज्य दिवाळखोरीत जाईल. त्यानंतर तीन महिन्यांनी, १४ मार्च २०२३ रोजी, सुमारे १७ लाख कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. संपाच्या पहिल्याच दिवशी विधानसभेने अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक चर्चेशिवाय मंजूर केले आणि सरकारने सुबोध कुमार, के. पी. बक्षी व सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली. एका हातात दंडा आणि दुसऱ्या हातात समिती, असा तो दिवस होता. सातव्या दिवशी, २० मार्चला, आश्वासनावर संप मागे घेतला गेला. बरोबर एक वर्षानंतर, मार्च २०२४ मध्ये, त्याच सरकारने अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाईवाढ आणि कुटुंबनिवृत्तिवेतन यांची हमी देणारी सुधारित योजना विधिमंडळात जाहीर केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना आली. तीतही २५ वर्षांच्या सेवेनंतर ५० टक्क्यांची हमी आहे, आणि राज्य मंत्रिमंडळाने ती दुसऱ्याच दिवशी स्वीकारली.

नव्या योजनांत कर्मचाऱ्याची दहा टक्के वर्गणी कायम आहे. म्हणून त्या जुन्या योजनेहून सरकारला स्वस्त पडतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु वादाचा गाभा वर्गणीचा नव्हताच. वाद हमीचा होता. म्हातारपणी काय हाती पडेल, हे शेअरबाजाराने ठरवायचे की सेवेच्या वर्षांनी? या प्रश्नावर केंद्र आणि राज्य या दोन्ही सरकारांनी अखेर कर्मचाऱ्यांचे म्हणणे मान्य केले आहे. डिसेंबर २०२२ ते मार्च २०२४ या पंधरा महिन्यांत राज्याच्या तिजोरीत कोणताही चमत्कार घडला नव्हता. घडला होता तो सात दिवसांचा संप आणि जवळ आली होती ती निवडणूक.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये इशारा दिला की, सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतली तर दीर्घ काळात त्यांच्यावरील एकूण भार नव्या योजनेच्या सुमारे साडेचारपट होऊ शकेल. हा इशारा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयुर्मान वाढते आहे आणि आजच्या वचनाची बिले उद्याच्या पिढीला फेडावी लागणार आहेत. परंतु अंदाजपत्रकाला दोन बाजू असतात आणि आपले अर्थतज्ज्ञ एकाच बाजूकडे पाहून निष्कर्ष काढतात. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील आयकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज खुद्द सरकारनेच दिला होता. या कराचा वाटा राज्यांनाही मिळतो. म्हणजे ती तूट महाराष्ट्राच्याही पदरात पडली. तो निर्णय एका सकाळी झाला. त्यासाठी तीन सदस्यांची समिती बसली नाही आणि ‘दिवाळखोरी’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. महाराष्ट्रातील माजी आमदाराला दरमहा किमान ५० हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते. एकदा निवडून येणे त्याला पुरते, आणि त्यासाठी शेअरबाजाराची जोखीम त्याने कधी पत्करलेली नाही. जे सभागृह स्वतःसाठी निश्चित निवृत्तिवेतन राखते, त्याने परिचारिकेला बाजारातील जोखमीचे फायदे सांगावेत, याला निर्लज्जपणा म्हणतात.

निम्म्या पगाराचे आमिष

त्या सात दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती सर्वांत गंभीर होती. ‘आम्ही निम्म्या पगारात काम करायला तयार आहोत, निवृत्तिवेतनही नको; आम्हांला नोकरी द्या’, असे बेरोजगार तरुण समाजमाध्यमांतून सांगू लागले. त्यांची चेष्टा करणे सोपे आहे आणि त्यांच्यावर संतापणे त्याहून सोपे आहे. दोन्ही गोष्टी टाळल्या पाहिजेत. स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत तिशी उलटलेल्या मुलाने असे म्हणावे, यात दोष त्याचा नाही. राज्यात दोन लाखांहून अधिक पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवली गेली. भरतीची जाहिरात येते, परीक्षा लांबते, निकाल रखडतो. ज्याने ही टंचाई निर्माण केली, तोच या मुलाला दाखवून संपकऱ्यांना सांगतो की, पाहा, तुमची जागा घ्यायला किती लोक उभे आहेत! बेकारांच्या फौजेचा हा उपयोग गिरण्यांच्या काळापासून चालत आलेला आहे. आपल्या शहराने तो जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीच्या दारात पाहिलेला आहे. आता तो कलेक्टर कचेरीच्या दारात आला, एवढाच फरक.

त्या तरुणाला निम्म्या पगाराची नोकरी तरी मिळाली काय? ६ सप्टेंबर २०२३ रोजी सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोताने मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. म्हणजे सरकारी काम राहील, सरकारी नोकर राहणार नाही. मधला ठेकेदार आपला वाटा काढून घेईल आणि उरलेले मुलाच्या हाती ठेवील. राज्यभर ओरड झाली आणि २० ऑक्टोबरला सरकारला तो निर्णय रद्द केल्याची घोषणा करावी लागली. निर्णय रद्द झाला, धोरण रद्द झालेले नाही. सरकारी रुग्णालयांची सफाई, कार्यालयांतील संगणक आणि दारावरचा पहारा यांतील बरेचसे काम आज कंत्राटावरच चालते. संपकरी कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन बुडाले म्हणून या कंत्राटी कामगाराच्या पगारात एक रुपयाची भर पडणार नाही. उलट वरच्याची पायरी जितकी खाली येईल, तितका खालच्याला आणखी खाली ढकलण्याचा आधार मालकाला मिळेल. पूर्व भागातील आमच्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर आहे. कारकुनाची हमी काढून घेतल्याने विडी कामगाराला हमी मिळत नाही. हमी या कल्पनेचेच उच्चाटन होते आणि मग विडी कामगारासाठी ती मागायची कोणाकडे बोट दाखवून?

संघटनांनाही चार शब्द

परंतु एवढे सांगून थांबलो तर तो लबाडपणा होईल. संपाच्या हक्काचे समर्थन करणाऱ्यानेच संपकऱ्यांना काही अप्रिय गोष्टी सांगितल्या पाहिजेत. विरोधकांनी सांगितल्या तर त्या कोणी ऐकणार नाही.

पहिली गोष्ट : खासगी कारखान्यातील संप मालकाचा नफा थांबवितो. सरकारी कचेरीतील संपाने मंत्र्याचे काहीच थांबत नाही; थांबते ते दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याचे काम आणि सरकारी दवाखान्यातील गरिबाची शस्त्रक्रिया. खासगी रुग्णालयात जाऊ शकणाऱ्याला सिव्हिलचा संप जाणवतही नाही. मार्च २०२३ मध्ये संप चालू असतानाच राज्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, हातचे पीक गेले आणि पंचनामे रखडले. ज्या शेतकऱ्याच्या द्राक्षबागेत गारांचा खच पडला होता, त्याने तलाठ्याच्या म्हातारपणाची चिंता करावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? गारपीटग्रस्त गावांतील पंचनामे संपातून वगळण्याचा निर्णय संघटनेने त्याच रात्री जाहीर केला असता, तर सरकारचा निम्मा प्रचार जागीच संपला असता.

दुसरी गोष्ट अधिक झोंबणारी आहे. सात दिवसांच्या संपात जनता सहानुभूतीने का उभी राहिली नाही, याचे उत्तर उरलेल्या ३५८ दिवसांत शोधावे लागेल. विलंब रोखण्याचा कायदा २००६ पासून आणि लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून राज्यात आहे. तरीही रेशनकार्डावर नाव चढविण्यासाठी किती खेटे घालावे लागतात, सातबाऱ्यावरची नोंद कशी ‘वजन’ ठेवल्यावरच हलते, हे सांगायला संशोधन नको. बहुसंख्य कर्मचारी सचोटीचे आहेत, हे मी अनुभवाने सांगू शकतो. पण लाचखोर सहकाऱ्यावर कारवाई झाली म्हणून निषेधसभा भरविणाऱ्या संघटना आपण पाहिल्या आहेत. लाचखोराला संघटनेतून काढून टाकण्यासाठी भरलेली सभा कोणी पाहिली आहे काय?

तिसरी गोष्ट : ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या. पोषण आहार, लसीकरण, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे असे सरकारचे काम त्या करतात, पण त्यांना वेतन नाही, ‘मानधन’ आहे. त्यांना उपदान मिळावे, हेसुद्धा एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशी गर्जना करणाऱ्या लाखो कंठांपैकी किती त्या थंडीत अंगणवाडी सेविकांच्या बाजूने उमटले? १४ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे त्यांचा संप ऐन भरात असताना, कर्मचाऱ्यांनी पुन्हा संपाची हाक दिली आणि आश्वासन मिळताच ती मागे घेतली. दोन संप एकाच सरकारविरुद्ध, एकाच महिन्यात, बहुधा एकाच गावात होते. आणि ते एकमेकांना अनोळखी राहिले.

एस. टी. कामगारांचा अनुभवही येथे लक्षात घ्यावा. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर पेटलेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कमी पगाराने गांजलेल्या चालक-वाहकांचा संताप रास्त होता. अनेकांनी आत्महत्या केल्या. मान्यताप्राप्त संघटनांवरचा विश्वास उडाल्यामुळे लढ्याची सूत्रे बाहेरच्यांच्या हाती गेली आणि विलीनीकरणाच्या एकाच मागणीवर सारे पणाला लागले. ती मागणी मान्य झाली नाही. नोव्हेंबरमध्येच जाहीर झालेल्या पगारवाढीवर सन्मानाने परतण्याची संधी हातची गेली आणि शेवटी उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीत कामावर यावे लागले. त्या साडेपाच महिन्यांत खेड्यातील मुलींचे कॉलेज सुटले, कारण त्यांच्यासाठी लाल गाडी हाच एक रस्ता होता. त्यांच्यापर्यंत जाऊन लढ्याचे कारण सांगणारे कोणीच नव्हते.

रोजगार हमीचा धडा

संघटित आणि असंघटित यांच्यातील दरी अटळ आहे काय? महाराष्ट्रानेच या प्रश्नाचे उत्तर एकदा दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातील गावेच्या गावे खडी फोडायला रस्त्यावर आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि तिच्यासाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला गेला. पगारदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ती रक्कम हमीच्या कामावरील मजुराच्या हाती जाईल, अशी ती व्यवस्था होती. १९७७ मध्ये योजनेचा कायदा झाला. पुढे देशभर जो कामाचा हक्क कायद्यात आला, त्याची मुळे येथे आहेत. पगारदार वर्गाने भूमिहीनाच्या कामाची हमी उचलावी, हा करार त्या काळी मोडकातोडका का होईना, पण प्रत्यक्षात आला. त्या कराराची कर्मचारी संघटनांना स्वतःलाच आठवण राहिलेली नाही. एरवी ‘आम्ही समाजाला काय दिले’ या प्रश्नावर त्यांनी मान खाली घातली नसती.

आज असाच करार म्हातारपणाविषयी झाला पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम २०१४ मध्ये १ हजार रुपये ठरली आणि त्यानंतर अकरा वर्षे उलटली तरी ती तेथेच आहे. निराधार आणि श्रावणबाळ योजनेतील वृद्धाला १,५०० रुपये मिळतात, तेही दारिद्र्याचा दाखला जोडल्यावर. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ऐंशी वर्षांखालील म्हाताऱ्यासाठी दिल्लीचा वाटा महिना २०० रुपये आहे. दुसरीकडे एकीकृत योजनेत दहा वर्षे सेवा झालेल्याला किमान १० हजारांची हमी आहे. ही हमी योग्यच आहे. मग तीस वर्षे विड्या वळून बोटे वाकडी झालेल्या बाईला किमान किती, हा प्रश्न कर्मचारी संघटनेच्या मागणीपत्रावर पहिल्या क्रमांकाने यायला काय हरकत आहे? तो दिवस आला तर पूनम गेटसमोरच्या मांडवात कारकुनाशेजारी विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि अंगणवाडी सेविका बसलेल्या दिसतील. मग ‘भरल्या पोटाचा संप’ असे म्हणण्याची कोणाचीही छाती होणार नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

पुढचा संप येणार आहे, याविषयी मला शंका नाही. सुधारित योजनांच्या अंमलबजावणीत खोच निघेल, रिक्त जागांचा प्रश्न पेटेल किंवा एखाद्या खात्याचे खासगीकरण होईल. सरकारची तयारी मात्र आधीच झालेली आहे. अत्यावश्यक सेवांचा कायदा विनावॉरंट अटकेच्या तरतुदीसह हाताशी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता अमलात आणल्या आहेत. पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती असलेली संपाच्या पूर्वसूचनेची सक्ती आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली आहे. म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याच्या गळ्यातील फास सैल होण्याऐवजी तो इतरांच्याही गळ्यात पडला. विडी कारखान्यातील कामगार ज्या दिवशी संपाचा विचार करील, त्या दिवशी त्याला या साखळीचा अर्थ कळेल. संपाचा हक्क एकाचा गेला की दुसऱ्याचाही जातो, हे आपण त्याला तत्पूर्वीच समजावून दिले पाहिजे.

म्हणून संपाची नोटीस निघेपर्यंत वाट न पाहता आपल्या प्रत्येक तालुका शाखेने कर्मचारी संघटना, अंगणवाडी व आशा सेविका, विडी आणि यंत्रमाग कामगार यांची एकत्र बैठक बोलवावी. कर्मचाऱ्यांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. दवाखान्यातील तातडीची सेवा आणि आपत्तीतील पंचनामे तुम्ही संपातून वगळाल काय? कंत्राटी आणि मानधनी कामगारांना तुमच्या संघटनेचे सभासद करून घ्याल काय? सर्व वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची मागणी आपल्या मागणीपत्रात पहिली घ्याल काय? उत्तरे होकारार्थी आली तर त्यांचा संप हा आपला संप आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी त्यात सर्वांच्या पुढे असले पाहिजे. उत्तरे नकारार्थी आली तरी दडपशाहीच्या कायद्याविरुद्ध आपण त्यांच्या बाजूनेच उभे राहू, परंतु त्यांच्या मागणीपत्राखाली सही करण्यापूर्वी त्यांच्याशी भांडू. आणि पूर्व भागात जाऊन विडी कामगार बायांसमोरही हाच हिशेब मांडू : तुमचे एक हजार रुपये कारकुनाने खाल्लेले नाहीत, ते कोठे गेले हे विचारायला तोही तुमच्याबरोबर यावा, यासाठी आम्ही त्याच्या दाराशी गेलो होतो.